वारणेचा संगणक, पाटगावचं पाणी आणि मोबाइलवरचं ओझं

मंडळी, आजची पोस्ट जरा मोठी आहे. विषय वरवर कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल, पण वेदगंगेच्या काठावर राहणाऱ्या प्रत्येकाचा आहे. सवडीनं वाचा.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ आठवा. तसा पाऊस लागला की आपल्याला मोजक्याच गोष्टी कळायला हव्या असतात. पाटगाव धरणातून किती क्युसेक सोडलंय, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती फुटांवर आहे, कुठल्या पुलावर पाणी आलंय, निपाणीकडं जाणारा रस्ता चालू आहे का बंद. सगळं मिळून चार ओळींचा मजकूर. तो कुठल्यातरी पानावर असतो, लिंकही कुणीतरी ग्रुपवर टाकलेली असते. लाइट गेलेली, टॉवर कसाबसा चालू, सगळं गाव एकदम मोबाइलवर. लिंक दाबली की पांढरा पडदा येतो आणि मधोमध गोल फिरत राहतो. तेवढ्यात ग्रुपवर ‘धरण फुटलं’ म्हणून मेसेज येतो. तो मात्र लगेच उघडतो, कारण तो हलका असतो. अफवा जिंकते ती अशी.

आपण म्हणतो, ‘रेंज नाही.’ ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं की, ते पान कमी रेंजमध्ये उघडेल असं बनवलेलंच नसतं. कुणीतरी ऑफिसात बसून, चांगल्या मोबाइलवर, वायफायवर बघून ते पास केलेलं असतं. हे असं का होतं, आणि उलटं करून दाखवलेलं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात कसं आहे, तो इतिहास आज सांगायचा आहे.

आधी वारणेला जाऊ. साल १९९८. पंतप्रधानांनी माहिती तंत्रज्ञानासाठी कृती दल नेमलं होतं, त्यातून ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प निघाला आणि त्यासाठी निवड झाली वारणानगर परिसराची. तात्यासाहेब कोरे यांनी उभं केलेलं सहकाराचं जाळं तिथं तयार होतं: कारखाना, दूध संघ, बझार, शिक्षणसंस्था. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतली ७० गावं निवडली. खर्चातला ५० टक्के वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणेचा. तांत्रिक काम राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडं. गावागावांत संगणकाची केंद्रं आली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीचे कागद, सरकारी योजना, सगळं तिथं मिळावं असा बेत होता. देशभरातून माणसं ते बघायला येत होती, आणि आपल्या जिल्ह्याला त्याचा अभिमान वाटणं साहजिक होतं.

पुढची गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाची माणसं वारणेत आली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो टोयामा ही त्यांची नावं. ही केंद्रं प्रत्यक्षात कशासाठी वापरली जातात, हे त्यांनी तिथं राहून बघितलं. उत्तर साधं निघालं. शेतकरी तिथं येत होता तो उसाच्या कामासाठी. माझा ऊस किती टन भरला, खत किती मिळणार, बिलाचं काय झालं. बाकीचे मोठे बेत बाजूला राहिले होते. आणि एवढ्या कामासाठी प्रत्येक गावात संगणक, त्याची दुरुस्ती, त्याची वीज, त्याची जोडणी सांभाळावी लागत होती.

मग त्यांनी उलटा विचार केला. लागणारी माहिती जर एका ओळीत मावत असेल, तर ती एसएमएसनं का पाठवू नये? कारखान्यातल्या संगणकाला मोबाइल जोडला. गावातून ठरलेल्या साच्यात एसएमएस पाठवायचा, कारखान्याच्या नोंदीतून उत्तर एसएमएसनंच परत. या प्रयोगाला नाव दिलं ‘वारणा अनवायर्ड’. सात गावांत आठ महिने तो चालवला. संगणक करत होता ते सगळं काम एसएमएसनं झालं. खर्च कमी आला, सोय जास्त झाली आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत जास्त आवडली. २००७ च्या सुमारास ही मंडळी हा अनुभव जगासमोर मांडत होती.

लक्षात घ्या, वारणेतला संगणक वाईट नव्हता. तो त्या कामापेक्षा मोठा होता. आज काट्यावर वजन झालं की बऱ्याच कारखान्यांच्या सभासदांना मोबाइलवर मेसेज येतो आणि आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण गरज आधी बघायची आणि साधन मग ठरवायचं, हा धडा त्यात आहे.

गंमत म्हणजे वारणेत हे चाललं होतं, त्याच काळात हाच प्रश्न सगळ्या जगातल्या प्रोग्रामरांपुढं येऊन उभा राहिला होता. तो समजून घ्यायला थोडं मागं जाऊया.

मोबाइलवर आपण पान उघडतो तेव्हा मजकुराबरोबर जावास्क्रिप्ट नावाच्या भाषेतल्या सूचना येतात. बटण दाबलं की काय व्हावं, फॉर्ममध्ये चूक असेल तर लाल अक्षर कुठं यावं, ते या सूचना ठरवतात. ही भाषा ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत दहा दिवसांत लिहून काढली. प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून लिहायला नको म्हणून लोकांनी तयार साहित्य बनवलं. त्याला लायब्ररी किंवा फ्रेमवर्क म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर स्लॅबचं सेंट्रिंग. फळ्या आणि टेकू तयार आणले की काम झटपट होतं. पण गोठ्याच्या पत्र्यासाठी कुणी चार मजली इमारतीचं सेंट्रिंग मागवत नाही. आणि इथं गोची अशी की, हे सेंट्रिंग बांधणाऱ्याच्या दारात उतरत नाही. पान पहिल्यांदा उघडणाऱ्या प्रत्येक माणसाच्या मोबाइलवर ते उतरतं.

२००६ मध्ये जॉन रेसिग यांनी जेक्वेरी काढली. त्या वेळी इंटरनेट एक्सप्लोरर एक बोलायचा आणि फायरफॉक्स दुसरंच. जेक्वेरीनं दोघांना एका ओळीत आणलं, म्हणून ती जगभर पसरली. २००७ मध्ये आयफोन आला, २००८ मध्ये पहिला अँड्रॉइड फोन. या फोनमधले ब्राउझर नवे आणि एकाच घराण्यातले होते. जुन्या एक्सप्लोररसाठी लिहिलेली भानगड तिथं कामाचीच नव्हती, तरी ती प्रत्येक मोबाइलवर उतरत होती.

हे बघून थॉमस फुक्स यांनी २०१० मध्ये झेप्टो ही छोटी लायब्ररी काढली. वापरायची पद्धत जेक्वेरीसारखीच, पण एक्सप्लोररचं ओझं काढून टाकलेलं. जेक्वेरी दाबून तीसेक केबी भरते, झेप्टो दहाच्या आसपास. त्याच साली दुसऱ्या बाजूला सेंचा टच आणि जेक्वेरी मोबाइल यांची सुरुवात झाली. मोबाइलवरचं पान हुबेहूब ॲपसारखं दिसावं, हा त्यांचा हट्ट, त्यामुळं ती जड. मोबाइलच्या वेबसाठी हलकं निवडायचं की भरगच्च, हा वाद तेव्हा जोरात होता.

भरगच्चवाल्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. २०१२ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी जाहीरपणे सांगितलं की एचटीएमएल-५ वर जास्त भिस्त ठेवली, ही आमची मोठी चूक होती. फेसबुकनं फोनसाठी वेगळं ॲप नव्यानं बांधलं. त्यानंतर ‘वेबचं काही खरं नाही, ॲपच पाहिजे’ ही हवा झाली. आपल्याकडं २०१५ मध्ये मिंत्रानं वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं आणि फ्लिपकार्टनं मोबाइलवरची साइट बंद करून लोकांना ॲपकडं वळवलं.

पण भारतातल्या फोनमध्ये जागा कमी आणि नेट टू-जी. ॲप उतरवायचं म्हणजे आधी पोराबाळांचे फोटो पुसायचे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फ्लिपकार्टला ‘फ्लिपकार्ट लाइट’ नावानं हलकी वेबसाइट परत आणावी लागली. तेव्हा जाहीर झालेल्या आकडेवारीनुसार ती वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्के लोक टू-जीवर होते, आणि ॲपच्या मानानं डेटा तिपटीनं कमी लागत होता. एकदा उघडलेलं पान फोनमध्ये जपून ठेवायचं आणि रेंज नसतानाही दाखवायचं, ही सोय त्यात होती. त्याच वर्षी जेसन मिलर यांनी प्रिॲक्ट काढलं. फेसबुकच्या रिॲक्टसारखंच काम, पण तीन-चार केबीत. रिॲक्ट मात्र सगळं धरून चाळीस केबीच्या पुढं जातं.

मग आला ५ सप्टेंबर २०१६. जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला. २०१७ मध्ये दीड हजार अनामतीत जिओफोन आला. त्याची मेमरी ५१२ एमबी, आणि त्यातली ॲप वेबच्याच साहित्यानं, म्हणजे एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टनं बनवलेली. वाडीवस्तीवरच्या माणसाच्या हातात नेट आलं ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याबरोबर बनवणाऱ्यांचा हात सैल सुटला. ‘आता कुणाला डेटाची पडलीय’ असं म्हणत पानं फुगत गेली. आज जगभरातलं सर्वसाधारण पान मोबाइलवर नुसतं जावास्क्रिप्टच पाचशे केबीच्या वर पाठवतं. त्यात फोटो धरलेले नाहीत.

हे ओझं माणूस तीन ठिकाणी भरतो. पहिलं डेटात आणि वेळात. हिशोब करा: पुराच्या रात्री सेकंदाला शंभर किलोबिटचा वेग मिळाला तर एक एमबीचं पान यायला ८० सेकंद लागतात, आणि वीस केबीचं पान दोन सेकंदांच्या आत येतं. दुसरं, फोनच्या मेंदूत. शंभर केबीचा फोटो नुसता दाखवायचा असतो, पण शंभर केबी जावास्क्रिप्ट फोनला वाचून, समजून, मग चालवावं लागतं. चाळीस हजाराच्या फोनला ते जाणवत नाही, सहा हजाराचा फोन तिथंच गरम होतो. तिसरं मेमरीत. मेमरी भरली की फोन मागचं पान टाकून देतो, म्हणजे अर्धा भरलेला फॉर्म गेला. पुन्हा पहिल्यापासून.

आपल्या मराठीचाही मुद्दा आहे. रोमन लिपीत मुरगूड लिहिलं तर सहा बाइट लागतात, देवनागरीत १८, कारण युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पण घाबरायचं कारण नाही, मजकूर पाठवताना दाबला की तो फरक बराच कमी होतो. खरं वजन वाढतं ते शोभेच्या फॉन्टनं. जोडाक्षरांमुळं देवनागरी फॉन्टची फाइल मोठी असते, सहज शंभर-दोनशे केबीची. प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये चांगला देवनागरी फॉन्ट आधीच असतो. तोच वापरला तर हे ओझं शून्यावर येतं.

आणि शेवटचा मुद्दा आयुष्याचा. २०१० मधल्या त्या तयार साहित्याचं पुढं काय झालं? जेक्वेरी मोबाइल २०२१ मध्ये अधिकृतपणे गुंडाळलं गेलं. गुगलच्या अँग्युलरजेएसचा सांभाळ २०२१ च्या डिसेंबरअखेर थांबला. सेंचा टच दुसऱ्या उत्पादनात मिसळून गेलं. हलक्यांनाही अमरपट्टा मिळालेला नाही, झेप्टोचं कामही थंडावलं. ज्यांनी साध्या कामासाठी सगळी इमारतच यांच्यावर उभी केली, त्यांना ती परत बांधावी लागली. उलट १९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सर्न संस्थेत केलेलं जगातलं पहिलं वेबपान साध्या एचटीएमएलमध्ये आहे आणि ते आजच्या मोबाइलवरही उघडतं. आपल्या नगरपरिषदेचा, सोसायटीचा, पतसंस्थेचा पैसा पाच-सात वर्षांनी परत त्याच कामावर जाणार असेल, तर हा नुसता तांत्रिक प्रश्न उरत नाही.

आता कुणी म्हणेल, ‘अहो, पोरं शिकतायत रिॲक्ट. कोल्हापुरात, पुण्यात नोकऱ्या त्याच्याच आहेत. कंत्राटदाराला माणसं त्याचीच मिळतात.’ बरोबर आहे. त्या पोरांना मी नावं ठेवत नाही, उलट त्यांनी ते शिकावंच. मोठं पोर्टल असेल, दिवसभर कर्मचारी त्यावर काम करणार असतील, पडद्यावर सतत आकडे बदलणार असतील, तर रिॲक्ट किंवा अँग्युलर घ्यायला काही हरकत नाही. ते त्याच कामासाठी आहे. पण पूरपातळी, पाणी सोडायच्या वेळा, घरपट्टीची मुदत, सभेची नोटीस, उसाचा दर यांना फ्रेमवर्कच लागत नाही. साधं पान पुरतं. एखादा अर्ज किंवा शोधायची सोय हवी असेल तर अल्पाइन किंवा एचटीएमएक्ससारखं पंधरा केबीच्या आसपासचं साहित्य भागवतं. खूप हालचाल असलेलं पान हवंच असेल तर प्रिॲक्ट आहे, किंवा स्वेल्ट आहे. २०१६ मध्ये आलेलं स्वेल्ट आपलं बरंचसं काम पान बनवतानाच उरकतं, त्यामुळं फोनवर कमी सामान उतरतं. रिॲक्ट येणाऱ्या पोराला यातलं काहीही आठवड्या-दोन आठवड्यांत जमतं. अडचण त्याच्या बुद्धीची नाही. हलकं करा असं त्याला कुणी सांगतच नाही, कारण ऑर्डर देणाऱ्याला ते माहीत नसतं.

म्हणून हे आपल्याला माहीत पाहिजे. मुरगूड असो, कागल असो, नाहीतर भुदरगड, आता प्रत्येक संस्था आपलं ॲप नाहीतर पोर्टल काढणार. नारळ फुटेल, फोटो येतील. त्याआधी वार्षिक सभेत किंवा अर्ज देऊन चार प्रश्न विचारा. पहिल्यांदा उघडताना पान एकूण किती केबीचं आहे? सहा-सात हजाराच्या जुन्या फोनवर, टू-जीवर ते चालवून बघितलं का, आणि कुणी बघितलं? रेंज गेली तर आधी बघितलेली माहिती दिसते का, भरलेला अर्ज टिकतो का? आणि ज्या साहित्यावर हे बांधलंय ते उद्या बंद पडलं, तर आपली माहिती साध्या स्वरूपात आपल्याकडं असेल का? या चारांची उत्तरं करारात लिहून घेता येतात. त्यासाठी जादा पैसे लागत नाहीत.

वारणेत हे झालं कारण कुणीतरी केंद्रावर जाऊन बसलं आणि आलेला शेतकरी नक्की काय विचारतोय ते ऐकलं. आपल्याकडं ते ऐकायला बंगळूरहून कुणी यायची वाट बघायला नको.

एक काम आजच करा. फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क टू-जीवर टाका आणि आपल्या रोजच्या कामाची पानं उघडून बघा: संस्था, कारखाना, सरकारी ऑफिस, कुठलंही. किती सेकंदांत पहिलं अक्षर दिसलं ते मोजा आणि खाली कॉमेंटमध्ये लिहा. कुणाला शिव्या घालायच्या नाहीत, नुसता आकडा लिहा. पावसाळ्याआधी ही यादी आपण सगळे मिळून संबंधितांकडं नेऊ.

परत तसा पाऊस लागला, तर पाटगावच्या पाण्याचा आकडा अफवेच्या आधी पोचला पाहिजे. एवढंच मागणं आहे.